टॉकीजवरचा पळस

नूरीचा तुले एवढा राग काऊन येते, असं मले जो तो इचारते. ती कोणाले वाकडं बोलत नाई. बांगड्या भरते तं हात असा धरते का काच टोचत नाई. भावात फसवत नाई, चुगल्या करत नाई. सगळं खरं हाये. तरी येते. ज्याचं जळते त्याले कळते. आधी आयका, मंग मले नावं ठेवा.

आमच्या यायले लाल आन् हिरवा रंग ओळखू येत नाई. हे चांद्यात कोणापाशी बोलू नका. बोलाल तं मी सरळ नाई म्हणीन, वरून तुमालेच खोटं पाडीन. मी त्यायचं नाव घेत नाई, पण लोकं लटारू पेंटर म्हणते, म्हणजे समजून घ्या कोण ते. झाडीपट्टीतल्या नाटकायचे पडदे रंगवते. राजाचा महाल, बाग, नदीचा घाट, सगळं. पावसाळाभर घरीच रंगवते, दिवाळी झाली का पडदे घेऊन नाटकवाल्यायसंगं वडशाकडं जाते, आन् हिवाळा सरेपर्यंत घरी तोंड दाखवत नाई. पडदा उघडला का लोकं म्हणते, वा, काय हात हाये. हात त्यायचा हाये. डोळा माहा हाये.

लग्नाच्या पहिल्या साली मले समजलं. सासरी वाडीत मिरच्या होत्या. मी म्हणली, पिकल्या लाल-लाल तेवढ्या तोडून आणा जी, वाळू घालायच्या हाये. यायनं टोपलंभर आणल्या, त्यात अर्ध्या हिरव्या. सासू म्हणली, बायको आली आन् पोराचं ध्यान उडालं. सगळे हासले. मी नाई हासली. सांजच्याले गोठ्यात गाठून इचारलं, खरं काय ते सांगा. तवा सांगतलं. म्हणे, मले दोन्ही सारखेच दिसते, मातकट. मिरची दाबून पायतो, नरम लागली तं पिकली म्हणतो. तोपर्यंत डब्यावरची अक्षरं वाचून काम चालवत होते. अक्षरावर रंग सांडला का काम अडे. त्यायच्या मायलेबी माईत नव्हतं.

मंग मी गाठी काढल्या. रंगाच्या डब्याच्या कडीले सुतळी बांधायची. एक गाठ म्हणजे लाल. दोन गाठी म्हणजे हिरवा. निळा आन् पिवळा त्यायले बरोबर दिसते, त्याले गाठ नाई. रंग कालवाचा असला का मी बाजूले उभी राहो आन् म्हणो, आणखी टाका, आणखी, बस. लोकायले वाटे नजर लागू नये म्हणून पेंटर सुतळ्या बांधते. वाटू द्या, म्हणलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंगळसूत्र सगळ्याच बायकायच्या गळ्यात असते. हे माह्या एकटीपाशी होतं.

आता टॉकीजचं आयका. गुणवंतराव ठेकेदारानं बांबूच्या आन् सागाच्या ठेक्यावर पैसा केला आन् जटपुरा गेटाच्या बाहेर दोन मजली टॉकीज बांधली. समोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यात १९५४ कोरलं. दिवाळीले उघडायची ठरली. यायले बोलावून म्हणले, "लटारू, मले समोरून जंगल पायजे, बल्बाचं. गेटातून बाहेर पडणाऱ्या माणसाले वाटलं पायजे का जंगलानं पेट घेतला."

हे म्हणले, "पेट घेतला म्हणू नका मालक, ठेका तुमचाच हाये."

गुणवंतराव लय हासले. खुश झाले. म्हणले, "हे जमवून दाखव. मंग टॉकीजचे सगळे बोर्ड वर्षभर तूच रंगवायचे. झाडीत भटकाची गरज नाई."

हे यायनं घरी येऊन सांगतलं आन् मले लय गोड वाटलं. हिवाळ्यात आमच्या घरी चूल माह्या एकटीसाठी पेटते. एकटीसाठी भाकर थापाची म्हणजे काय असते, ते जिनं थापली तिनंच समजावं. टॉकीजचं काम लागलं तं माणूस घरी राहणार होता. मले दुसरं काई नको होतं.

यायनं कोळसा घेतला आन् आमच्या आंगणातल्या भिंतीवर अख्खी टॉकीज काढली. खिडक्या, गच्ची, तिकिटाची जागा. दोन्ही बाजूनं सागाची झाडं गच्चीपर्यंत, आन् मधात एकच पळस, फुललेला. मंग माह्याजवळ बसले. म्हणले, "गुणा, पळस सांग."

मी सांगतलं. पोपटाची चोच म्हणून उपेग नव्हता, पोपट आन् चोच त्यायले एकच दिसते. म्हणून मी दुसऱ्या वाटेनं सांगतलं. शेंड्यावर दाट, खाली इरळ. पान एक नाई. फांदी काळी आन् फूल फांदीले चिकटून, चुलीतला इंगळ राखेतून निघते तसा. हे डोळे मिटून आयकत होते. मंग उठले आन् भिंतीवर ठिपके काढले. जिथी फूल तिथी बल्ब चिकटून-चिकटून, जिथी साग तिथी दूर-दूर. रंग दिसत नाई तं माणसानं दाटीनं पळस काढला. मी पायतच राह्यली. बाप्पा, माह्या बोलण्याचं झाड झालं होतं.

इथपर्यंत सगळं माहं होतं. मंग नूरी आली.

त्याचं असं झालं. गुणवंतरावानं नागपुराहून रंगीत बल्ब आणले, ते निघाले फिक्कट. पेटवले का लाल कोणता आन् पांढरा कोणता, डोळेवाल्यालेबी समजत नव्हतं. वायरिंगचं काम फारूक वायरमनकडं होतं. यायचा दोस्त हाये, माणूस चांगला हाये. तो म्हणला, "लटारूभाऊ, साधे बल्ब आणू. माह्या घरी लाखेचं काम चालते. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून त्यात रंग टाकला आन् बल्ब बुडवला का झालं. नूरी बुडवून देईन."

नूरी म्हणजे फारूकची बायको. पठाणपुऱ्यात त्यायचं बांगड्याचं दुकान हाये, काचेच्याबी आन् लाखेच्याबी. मागं आंगण. त्या आंगणात तारा बांधल्या, त्यावर बल्ब वाळत घातले, आन् आमचे हे रोज सकाळी भाकर बांधून तिकडं जाऊ लागले.

घरी आले का तोंडात एकच. "नूरीभाभी म्हणते, बल्ब बारके पायजे, मोठ्याच्या गर्मीनं लाख वितळते." बरं म्हणलं. "नूरीभाभी म्हणते, हिरव्यात थोडा पिवळा टाकला का साग खुलते." बरं. "नूरीभाभी म्हणते, पळसाले नुसता लाल नाई चालत, थोडा केशरी पायजे."

तवा माह्या हातातली पळी भांड्यात पडली.

म्हणली, "पळस मी सांगतला होता ना तुमाले?"

"तूच सांगतला."

"मंग तिचं काय मधात?"

"तिच्या हातात रंग हाये गुणा. तिले इचारलं एवढंच."

इचारलं एवढंच. मी काय रंग इचारल्याबद्दल बोलून राह्यली होती? दहा वर्षं माह्याशिवाय या माणसानं लाल रंगाचं टोपण उघडलं नाई. आता पठाणपुऱ्यातल्या आंगणात कोण सांगत होतं त्यायले, हा लाल आन् हा हिरवा? मी तिथी नव्हती. डबे तिथी होते, गाठी नव्हत्या. मंग काम कसं चालत होतं? कोणाच्या डोळ्यानं? कानामागून आली आन् तिखट झाली, म्हणते ना, तसं झालं. फरक एवढाच का तिखट मले लागलं, बाकी सगळ्यायले गोडच लागत होतं.

मी दुसऱ्या दिवशी भाकर द्यायच्या निमित्तानं गेली. भाकर त्यायच्यापाशी होती, तरी दुसरी घेऊन गेली.

आंगणात बल्बच बल्ब. हे एका खाटेवर बसून होल्डर पट्टीवर ठोकत होते. नूरी भांड्यावर वाकलेली, बोटं लाल-हिरवी झालेली, डोक्यावरचा पदर कोपरानं सावरत होती. मले पाहून म्हणली, "या गुणाभाभी, चहा ठेवते." आवाज असा का लोणी. मी म्हणली नको. आन् उभी राहून पायलं.

वाळलेले बल्ब तिनं वेगळे काढून ठेवले होते. लाल सगळे सुपात. हिरवे सगळे टोपल्यात. यायनं हात पुढं केला तशी ती मान वर न करता म्हणली, "सुपातले लाल हाये भाऊ, टोपल्यातले हिरवे."

कोणी इचारलं नव्हतं. ज्याले दिसते त्याले असं कोणी सांगते का? मीठ खारट हाये असं सांगते का कोणी जेवणाऱ्याले? माह्या अंगाचा तिळपापड झाला. तिले माईत होतं. यायनं सांगतलं होतं. एवढ्या वर्षांचं माहं, तिच्या आंगणात तारेवर वाळत घातलं होतं.

मी भाकर खाटेवर ठेवली आन् आली तशी निघाली.

सांजच्याले हे आले. पाय धुतले. ताट वाढायच्या आधीच मी इचारलं.

"तिले सांगतलं का?"

"काय?"

"मले वेड्यात काढू नका. डोळ्याचं."

"नाई."

"आन घ्या."

"तुही आन, नाई सांगतलं."

"माही काऊन घेता? मी मेली तं तुमचं काय अडते, दुसरी हायेच रंग सांगाले."

हे जेवले. हात धुऊन म्हणले, "उद्या बल्ब पोत्यात भरून होते. परवा सकाळपासून मी लावाले बसतो. पोत्याले गाठी तूच बांध. दुसऱ्याच्या गाठीवर मी मचाणावर चढत नाई."

दुसरी बाई असती तं तिथंच समाधान पावली असती. माहं नाई झालं. म्हणलं, गाठी माह्या आन् सूप तिचं, मंग चालन कोणाचं? तोंडानं माणूस काईबी म्हणते. बायकोची समजूत काढाले गाठ बांध म्हणाचं आन् तिथी जाऊन भाभी लाल कोणता म्हणून इचाराचं. पळसाले पानं तीनच, मरद इकडचा घ्या का तिकडचा. मले पायजे होतं ते नक्की पायजे होतं.

दुसऱ्या दिवशी गेली. दिवे लागायची येळ झाली होती. पोती ओसरीत एका रांगेत ठेवली होती, सगळी सारखी, तोंड शिवलेली, बाजूले उघड्या टोपल्यात एकेक बल्ब नमुन्याले. नूरी म्हणली, इकडच्या अंगाची लाल हाये, तिकडच्या अंगाची हिरवी. मले माईत हाये, म्हणली मी, मले दिसते. ती आत गेली. मी सुतळी काढली.

लाल पोत्यायले मी दोन-दोन गाठी बांधल्या. हिरव्यायले एक-एक.

हो, बांधल्या. मले काई कोणाची माफी मागाची नाई. परीक्षा होती ती. तिच्या सांगण्यावर चालत असतीन तं गाठीकडं न पाहता बरोबर लावतीन, आन् मले समजन. माह्या गाठीवर चालत असतीन तं उलटं लावतीन, आन् तेबी समजन. घरी येतपर्यंत मी अशी ताठ चालली का शेजारीण म्हणली, गुणाबाई, कोणाशी भांडून आली?

अंथरुणावर पडली तवा दुसरी बाजू दिसली. माह्या गाठीवर चालले, म्हणजे माणूस माहा हाये हे ठरलं, तं टॉकीजवर काय दिसन? जंगल लाल आन् मधात हिरवा पळस. अख्खा चांदा उभा राहून हासन. गुणवंतराव सगळ्यायच्या समोर इचारन, लटारू, तुले डोळे हाये का? आन् त्या प्रश्नाचं उत्तर खरंच नाई असं हाये. मंग कुठची टॉकीज आन् कुठचे बोर्ड. नाटकवालेबी पडदा देणार नाई. म्हणजे हारली तं नवरा गेला, जिंकली तं नवऱ्याचं पोट गेलं. अशी परीक्षा मीच घेतली होती. शहाणी ना मी मोठी.

सकाळी उठून म्हणलं सांगून टाकावं. हे कोंबडं आरवलं तसेच निघून गेलते. पठाणपुऱ्यात गेली तं पोती टॉकीजवर पोचली होती. टॉकीजवर गेली तं गुणवंतरावानं समोरून गच्चीपर्यंत बांबूचे तट्टे लावून ठेवले होते. लोकायनं आधी पाहू नये म्हणून. तट्ट्याच्या मागं मचाण, मचाणावर हे. दारावरचा माणूस म्हणे, मालकाचा हुकूम हाये, लाईट लागल्याशिवाय कोणाले सोडाचं नाई. म्हणली, मी पेंटरची घरवाली हावो. म्हणे, तं मंग तुमाले सगळ्यात पुढं उभं करू, सांजच्याले या.

ओरडून काय सांगू? गाठी उलट्या हाये जी, असं? सगळ्या बाजारात? तोंड दाबून बुक्क्यायचा मार. मी तट्ट्याजवळ उभी राह्यली. आतून बल्ब होल्डरात फिरवल्याचा आवाज येत होता, चीक, चीक. फारूक आत बोर्डावर बसला होता. लावणारे हे एकटेच होते. आन् हे गुणगुणत होते. काम मनासारखं चाललं का गुणगुणते. मी घरी आली आन् दिवसभर चुलीपाशी गेली नाई.

दिवे लागायच्या येळेले गेटापासून टॉकीजपर्यंत माणूसच माणूस. मुलं खांद्यावर, बाया दिवाळीची लुगडी नेसून. बल्लारपूरची माणसंबी आलती. दारावरच्या माणसानं मले ओळखलं आन् खरंच पुढं उभं केलं. हे वर मचाणाच्या टोकावर, हातात तट्ट्याचा दोर. गुणवंतराव खुर्चीवर. आत फारूक खटक्यापाशी.

तट्टे खाली आले. अंधारात काईच दिसलं नाई. मंग फारूकनं खटका दाबला.

साग हिरवे होते. एकेक झाड गच्चीपर्यंत गेलतं, आन् मधात पळस लाल, थोडा केशरी, शेंड्यावर दाट, खाली इरळ. लोकायनं माना वर केल्या. मंग एक म्हातारा बोलला, "दिवाळीत शिमगा आणला रे पेंटरनं," आन् सगळे हासले, टाळ्या वाजल्या, गुणवंतराव खुर्चीवरून उठले.

मी टाळी वाजवली नाई. बरोबर होतं सगळं. म्हणजे माह्या गाठीवर चालले नाई. म्हणजे तिले इचारलं. माही आन घेतली होती माणसानं, माही. समोर अख्खं झाड पेटलं होतं आन् माह्या पोटात त्याच्याहून जास्त.

बाजूले कोणीतरी आलं. बुरख्याचा पदर. नूरी.

माह्याकडं न पाहता म्हणली, "गाठी मी फिरवल्या भाभी. सकाळी भाऊ यायच्या आधी."

मले आधी समजलंच नाई.

"दिवे लागणीले बांधल्या ना तुमी," ती म्हणली. "उजेड कमी होता. भूल झाली असन."

भूल. तिले चांगलं माईत होतं भूल नव्हती. मले म्हणाले जागा करून देत होती.

"यायले माईत हाये?" मी इचारलं.

"नाई. कायले सांगू? भाऊ आले, एकेक पोतं हातानं चाचपलं, गाठ पायली आन् घेऊन गेले. मी दारात उभी होती, मले काई इचारलं नाई. त्यायले वाटते तुमच्याच गाठी हाये. तुमच्याच म्हणा."

"मंग तुले कोणं सांगतलं त्यायच्या डोळ्याचं?"

"कोणीच नाई." आता तिनं माह्याकडं पायलं. "तुमी दोघं दुकानात आलते, लय सालं झाली. तुमी एका हातात लाल चुडी धरली, एका हातात हिरवी, आन् इचारलं, कोणती घेऊ? भाऊनं चुडीकडं पायलंच नाई. तुमच्या तोंडाकडं पायलं. एक हात थोडा वर केला तुमी, मंग दुसरा. जिकडं तुमचं तोंड खुललं तिकडं बोट दाखवलं. मी दुकानात लय मरद पायले भाभी. बायकोले घाई करणारे, पैसे इचारणारे. असा नाई पायला. मंग तुमी गेल्यावर समजलं, भाऊले रंग दिसत नाई. गाठीचं पुढं भाऊच्या रंगाच्या डब्यायवरून समजलं. फारूकलेबी नाई सांगतलं मी."

आता सांगा, या बाईचं काय करावं? शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. यायनं माही आन मोडली नव्हती. माह्याच गाठीवर चालले होते. मले जे पायजे होतं ते सगळं मिळालं होतं, आन् ते तिच्या हातून मिळालं. गुपित कितीक वर्षांपासून माह्या एकटीचं नव्हतंच. मी उगाच कुलूप लावून बसली होती, घरात ही कवाची येऊन गेलती, काई न उचलता. आन् हे माह्या तोंडाकडं पाहून रंग सांगते, हे मले माईत नव्हतं. माह्या नवऱ्याबद्दलची गोष्ट हाये ती. मी त्यायच्यासंगं एका ताटात जेवली, आन् ही बांगड्याच्या दुकानात बसून पायलेलं मले सांगत होती.

तेवढ्यात हे मचाणावरून उतरले. लोकं पाठीवर थाप मारत होते. गुणवंतरावानं खांद्यावर हात ठेवून काईतरी म्हणलं, बोर्डाचंच म्हणलं असन, मंग घरी समजलं. हे सगळ्यायले नमस्कार करत, वाट काढत, सरळ माह्यापाशी आले. टॉकीज त्यायच्या पाठीमागं होती. त्यायनं टॉकीजकडं पायलं नाई. माह्या तोंडाकडं पायलं.

आन् त्यायचा चेहरा उतरला.

माह्या तोंडावर काय होतं ते मले माईत हाये. नूरी होती. पण यायले ते कसं समजन? चांदाभर लोकं वा म्हणत होते, टाळ्या वाजत होत्या, मालक खुश होता, आन् या माणसानं त्यातलं एक धरलं नाई. माह्या तोंडावरचं धरलं.

हळूच म्हणले, "उलटं झालं का गुणा?"

मी जसं जमलं तसं तोंड नीट केलं. हासली. आधी नाई आलं, मंग आलं.

"नाई जी," म्हणली. "साग हिरवे हाये. पळस लाल हाये. जसा सांगतला तसाच."

त्यायनं मोठा श्वास सोडला. "तुह्या गाठी होत्या, म्हणून जमलं," म्हणले, आन् मंग पहिल्यांदा मागं वळून टॉकीजकडं पायलं.

नूरी बाजूलेच उभी होती. तिनं सगळं आयकलं होतं. आमाले दोघायले जागा मिळावी म्हणून तिनं तोंड दुसरीकडं फिरवून घेतलं. तेबी मले आवडलं नाई.